मऊ पेडलचा शास्त्रीय इलाज

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७

बाबा कामावरून आले आणि म्हणाले, ब्रेकचं पेडल मऊ लागतंय. मी विचारलं, मऊ म्हणजे किती? बाबा म्हणाले, मऊ म्हणजे मऊ. आमच्या घराचं सगळं दुखणं या एका उत्तरात आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथे कुणी काही मोजलंच नाही.

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बी.एस्सी., फिजिक्स. फर्स्ट क्लास चार मार्कांनी गेला, त्यात पेपर तपासणाऱ्याचा आळस आहे. निकाल लागून आठ महिने झाले. या आठ महिन्यांत माझ्या शिक्षणाचा घराला थेट उपयोग एकदाच झाला. आत्याच्या औषधाच्या बाटलीवरची तारीख मी वाचून दाखवली. औषध तिने आधीच संपवलं होतं.

आता संधी आली आहे. बाबांची स्वतःची गाडी. डायलिसिस सेंटरच्या चार पेशंटना ते आठवड्यातून तीनदा घरून नेतात आणि परत सोडतात. सहा वर्षं हेच काम. सेंटर दर वर्षी सगळ्या गाड्यांचे ब्रेक तपासतं. यंदा २१ तारखेला. पास झाली तर पुढचं वर्षभर काम, नाही तर बाबा घरी. अठरा दिवस हातात आहेत. शास्त्राला अठरा दिवस म्हणजे चैन.

संकल्प: गाडी मी दुरुस्त करणार. पद्धतशीर, नोंदींसह. नवी फाइल काढली. वर नाव घातलं, खाली रेघ मारली. रेघ थोडी तिरकी गेली म्हणून दुसरी फाइल काढली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांनी मला न विचारता कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला आणलं. त्याला सगळे सायलेन्सर म्हणतात, कारण दिवसाकाठी तो दहा-बारा शब्द बोलतो. आला, सीटवर बसला, इंजिन चालू केलं, पेडल दाबलं आणि दाबूनच ठेवलं. डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग उतरून म्हणाला, मास्टर सिलिंडर. आतली रबरं गेली. उद्या आण, संध्याकाळी ने. झाला त्याचा दिवसाचा कोटा.

मी विचारलं, पुरावा काय? म्हणाला, पाय सांगतो.

पाय! मी त्याला समजावलं की निदान करायचं तर आधी सगळ्या शक्यता मांडायच्या असतात आणि मग एकेक खोडायची असते. मन लावून ऐकत होता. नंतर लक्षात आलं, तो माझ्या खांद्यावरून मागे बाबांकडे बघत होता. बाबा त्याला म्हणाले, पोरगी शिकलीय, बघू दे तिला दोन दिवस.

दोन दिवस हे शब्द सोडले तर वाक्यात अभिमान होता.

५ फेब्रुवारी, बुधवार

सायलेन्सरचं निदान आज सकाळी सव्वासात वाजता खोटं ठरलं. काल झोपण्याआधी गाडीखाली वर्तमानपत्रं पसरून ठेवली होती. सकाळी बघितलं, एक थेंब नाही. तेलाच्या डबीतली पातळी तशीच. पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलिंडर गळत असता तर तेल कुठे तरी दिसलं असतं. दिसलं नाही, म्हणजे गळत नाही.

बाबा म्हणाले, सायलेन्सर म्हणतो, आतल्या आत गळतं. मी विचारलं, आतल्या आत म्हणजे नेमकं कुठून कुठे? बाबा म्हणाले, ते त्यालाच ठाऊक. विषय मिटला.

उरली एकच शक्यता: पाइपात हवा. तेल दबत नाही, हवा दबते, म्हणून पेडल मऊ. हवा काढली की झालं. अकरा व्हिडिओ बघितले. दोघे-तिघे वेगळं सांगतात, पण त्यांचे उच्चार अशुद्ध होते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मोजमाप. बाबांना पेडलवर बसवलं, मी खाली आईची शिवणकामाची टेप घेऊन. पहिल्या दाबाला पेडल अकरा सेंटिमीटर गेलं. दुसऱ्याला आठ. तिसऱ्याला सहा. असं कसं? खोदून विचारल्यावर कळलं, बाबा गेले कित्येक महिने रस्त्यावरही दोनदा दाबतात. एकदा हलकं, मग नेमकं. का, तर म्हणे गाडीचं वय झालंय, ती पहिल्या हाकेला ओ देत नाही.

आई हसली. मी नाही हसले. दोनदा दाबणं म्हणजे दुखणं लपवणं, हे बाबांना समजावून सांगितलं. डॉक्टरने थर्मामीटर झटकून ताप उतरवण्यासारखं. बाबांनी मान डोलावली आणि विचारलं, मग उतरतो का गं?

संध्याकाळी त्यांची ब्रेकच्या रचनेवर तोंडी परीक्षा घेतली. दहापैकी दोन. ते दोन मी त्यांना वेळेवर हजर राहिल्याबद्दल दिले. बाबा चौदा तासांचे थकलेले असतील, पण प्रामाणिक मूल्यमापनात थकव्याचे मार्क नसतात. उद्यापासून गाडी बंद, काम पूर्ण होईपर्यंत. सेंटरला कळवायला लावलं.

९ फेब्रुवारी, रविवार

हवा काढण्याचा दिवस. प्रत्येक चाकामागे एक छोटी तोटी असते. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने तोटी सैल करायची, तेल आणि हवा बाहेर आली की तोटी बंद, आणि मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर हवा उलट आत जाते.

बाबांनी सुचवलं, मी दाबलं की ओरडतो, तू बंद केलंस की ओरड. फारच ढोबळ. मी आकडे ठरवले. एक म्हणजे दाबा, दोन म्हणजे धरा, तीन म्हणजे मी उघडलं, चार म्हणजे मी बंद केलं, पाच म्हणजे सोडा. बाबा तीनलाच सोडायला लागले. मी रागावले. मग ते पाचलाही सोडेनात. मी सहा म्हटलं तर विचारतात, सहा कशाला असतं?

आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्या मागच्या खोलीत राहते. ती खिडकीत भाजी निवडत बसली होती. म्हणाली, ब्रेक दुरुस्त करतेस का बापाला पाढे शिकवतेस? अशा वेळी नोंद करावी. नोंद केली.

चार तास. निष्कर्ष: पेडल पूर्वीपेक्षा अधिक सहज खाली जातं. पेडलच्या सांध्यातलं घर्षण कमी झाल्याचं हे लक्षण असावं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

किरकोळ अपघात. तेल काढायला आईची वाटी घेतली होती, ती बॉनेटवर ठेवली, ती कलंडली. मी लगेच कोरड्या कापडाने पुसलं. आज सकाळी तिथला रंग पोपडे धरून निघाला. खालचा पत्रा दिसतो, तळहाताएवढा.

बाबा दर रविवारी बॉनेट पुसतात आणि त्यात बघून भांग पाडतात. त्यांनी खिशातला कंगवा काढला आणि परत ठेवला. मी सांगितलं की ब्रेकचं तेल रंग खातं, हा त्याचा गुणधर्म आहे, बाटलीवर स्पष्ट छापलेला आहे. बाबांनी विचारलं, मग तू वाचलं नव्हतंस का? मी म्हटलं, वाचलं होतं, म्हणून तर सांगू शकतेय.

आईने वाटी परत घेतली नाही. म्हणाली, राहू दे तुझ्या प्रयोगशाळेला. प्रयोगशाळा हा शब्द घरात पहिल्यांदा उच्चारला गेला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाबांच्या जागी सेंटरने तात्पुरता बदली ड्रायव्हर लावलाय. आज पेशंटपैकी एका बाईंचा फोन आला. निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज एवढा मोठा की स्पीकर लावायची गरज नाही. म्हणाल्या, हा तुमचा बदलीवाला असा ब्रेक मारतो की माझं रक्त मशीनशिवायच ढवळून निघतं, तुम्ही कधी येताय? बाबांच्या गाडीत त्यांना म्हणे गाडी थांबल्याचं कळतच नाही, दार उघडल्यावर कळतं.

बाबा हसून म्हणाले, घरचे इंजिनियर लागलेत कामाला, आठवड्यात येतो. मी लगेच सुधारलं, इंजिनियर नाही, फिजिक्स. बाबा फोनमध्ये म्हणाले, हो बाई, फिजिक्स. तोवर बाईंनी फोन ठेवला होता.

बाबा थोड्या वेळाने माझ्या दाराशी आले. सायलेन्सर मोकळा आहे म्हणे आज. मी फक्त त्यांच्याकडे पाहिलं. बरं बरं, म्हणत गेले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मुळावर घाव घालायचं ठरवलं. पुढच्या चाकांच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटणारा जो लोखंडी भाग असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही काढले. घासले, धुतले, तांबडा रंग दिला. स्वच्छ यंत्र स्वच्छ काम करतं. गाडी पुढून विटांवर उभी आहे.

बाबा खडू घेऊन आले. म्हणाले, उजव्यावर खूण करून ठेवू. मी त्यांना समजावलं की हे दोन भाग सममित आहेत, एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. म्हणजे सारखेच. खूण करायची ती अडाण्याने. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं असं क्षणभर वाटलं. पण बाबांना वाईट वाटल्याचं दिसलं नाही. त्यांनी खडू खिशात ठेवला आणि रंगाचा डबा धरून उभे राहिले, मी दमले तेव्हा त्यांनी तो खाली ठेवला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कॅलिपर चढवले. पाच तास लागले. बोल्टांना कुरकुर होती, पाइप जरासे पिळून बसले, पण बसले. चाकांच्या फटीतून तांबडा रंग छान दिसतो.

आत्या बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, डिग्री भिंतीवर, गाडी विटांवर. शेजारच्या दोन खिडक्यांतून हसू आलं. मी शांतपणे म्हटलं, ज्ञानाची किंमत प्रत्येक युगात आधी हसूनच करतात. आत्या म्हणाली, अगं, बापाने तुला शिकवलं ते त्याच्याच गाडीवर शिकायला का?

हे वाक्य तिने आधीपासून तयार ठेवलं असणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर हवा काढणं. नवीन तेलाच्या तीन बाटल्या. आता बाबा आकड्यांत चुकत नाहीत, हे माझ्या शिकवण्याचं यश. पण पेडल थेट जमिनीला टेकतं. दहा-बारा वेळा भराभर दाबलं तरच थोडा कडकपणा येतो, आणि दोन श्वासांत जातो.

बाबा चाकाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ बघून हळूच म्हणाले, आधी ही तोटी वरच्या अंगाला होती. आता खाली आलीय. हवा वर चढते ना? वर अडकून बसली असेल.

मी त्यांना पास्कलचा नियम सांगितला. बंद द्रवावरचा दाब सगळ्या दिशांना सारखाच पसरतो. वर, खाली, शेजारी. तोटी कुठे आहे याने फरक पडत नाही. बाबांनी विचारलं, हवेलाही हा नियम ठाऊक असतो का? मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखे. बाबा म्हणाले, मग ठीक.

त्यांना पटलं. एखाद्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा एखादं तत्त्व पटताना बघणं यासारखा आनंद नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९

गाडी जागेवर नाही! विटा आहेत, गाडी नाही.

त्याच दिवशी, दुपारी

सगळं लिहून ठेवते. बाबा पहाटेच उठून गाडी खाली उतरवून, हँडब्रेकवर, माणूस चालतो तेवढ्या वेगाने कोपऱ्यापर्यंत घेऊन गेले होते. सायलेन्सरकडे. आईला माहीत होतं. आत्याला माहीत होतं. मला सोडून सगळ्या घराला.

मी तशीच धावले. बॉनेट उघडं होतं, सायलेन्सरच्या हातात पाना होता, बाबा शेजारी उभे राहून त्याला टॉर्च दाखवत होते. किती बरं वाटत होतं त्यांना, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेच मला लागलं. मी सगळ्यांसमोर विचारलं, तुमचा माझ्यावर एवढाही विश्वास नाही? बारा वर्षं शाळा, तीन वर्षं कॉलेज, ते कशासाठी पाठवलंत मला? फोटो काढायला? मी रडले. रडायचं ठरवलं नव्हतं, पण परिणाम चांगला झाला.

बाबा कितीतरी वेळ टॉर्च बंद-चालू करत राहिले. मग सायलेन्सरला म्हणाले, राहू दे. सायलेन्सरने एकदा गाडीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, संध्याकाळपर्यंत होईल. बाबा म्हणाले, राहू दे रे. तो म्हणाला, बरं. त्या बरंमध्ये पराभव स्पष्ट ऐकू येत होता.

परत येताना मी गाडीपुढे चालत होते, बाबा मागून हँडब्रेकवर. मी मागे वळून पाहिलं नाही. माझं मन मोठं आहे, पण लगेच नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी

आजची मोजणी: सहा सेंटिमीटर. उत्तम. (सातव्या दाबाला.)

जेवताना बाबांनी एक योजना मांडली. उद्या ब्रेक दाबायची रेषा यायच्या आधीच सात-आठदा दाबून घेतो. गाडी थांबेल, पास होऊ, आणि तिथूनच सरळ सायलेन्सरकडे जाऊ. पेशंटना दुरुस्त झाल्याशिवाय बसवणार नाही. आई म्हणाली, हो, तसंच करा.

मला धक्का बसला. माझ्या घरात, माझ्या ताटासमोर, कॉपी करायचं ठरत होतं. मी म्हटलं, ही फसवणूक आहे. एका दाबात ब्रेक लागला तरच तो ब्रेक. बाबा म्हणाले, एका दाबात लागेल का? मी म्हटलं, लागेल. नक्की? नक्की. गणित केलंय. गणित सकाळी केलं होतं, पहिल्या दाबाचे आकडे त्यात घेतले नाहीत, कारण ते बाकीच्यांशी जुळत नव्हते.

भिंतीवरून डिग्री काढली आणि बाबांना तिच्यावर हात ठेवून वचन द्यायला लावलं. परीक्षेत एकदाच दाबणार. बाबांनी हात आधी पॅंटला पुसला, काचेवर डाग नको म्हणून. आई उठून आत गेली. तिला अशा प्रसंगी भरून येतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ७

मी सोबत जाणार. फाइल घेतली. निबंधासारखी मांडणी, शेवटी निष्कर्ष. सेंटरच्या लोकांनी विचारलं तर दाखवता येईल. रस्त्यात बाबांना हवं तितकं दाबायची परवानगी दिली आहे. परीक्षा ती परीक्षा, रस्ता तो रस्ता.

त्याच दिवशी, दुपारी ३

वही मांडीवर ठेवून लिहितेय, अक्षर खराब येईल.

सेंटरच्या मागच्या पटांगणात दोन पांढऱ्या रेषा आखल्या होत्या. पहिल्या रेषेवर ब्रेक दाबायचा, दुसरीच्या आत थांबायचं. दुसरीच्या पुढे, बऱ्याच अंतरावर, सेंटरच्या वाहतुकीचे साहेब टेबल-खुर्ची टाकून बसले होते. बाबांच्या आधी पाच गाड्या झाल्या. सगळ्या पास. बदली ड्रायव्हरचीही, थांबताना ती नाकावर आपटल्यासारखी पुढे झुकली, पण थांबली.

बाबांची आली. वेग बरोबर. पहिली रेषा. मी बाजूला उभी होते, खिडकीतून त्यांचा गुडघा दिसत होता. एकदाच वर आला, एकदाच खाली गेला. वचन पाळलं. गाडीला काहीच झालं नाही. म्हणजे ती तशीच चालत राहिली. दुसरी रेषा गेली. बाबांचा पाय दाबूनच होता, पुन्हा उचललाच नाही. साहेब उठून पळाले. टेबल गेलं, खुर्ची गेली, मग बाबांनी हँडब्रेक ओढला आणि गाडी भिंतीला लागून थांबली. कुणाला लागलं नाही.

साहेब लालबुंद. स्वतः वाकून चाकाकडे बघितलं. म्हणाले, हे तांबडं काय? हे कुणी खोललं होतं? मग सगळ्यांसमोर नियम सांगितला. बाहेरच्या कुणी काम बिघडवलं असेल तर गाडी दुरुस्त करून पंधरा दिवसांनी परत आणा, काम तुमचंच. मात्र ज्याने हे केलं त्याचं नाव मी लिहून वर पाठवणार, कारण यात चार आजारी माणसं बसतात. आणि ड्रायव्हरने स्वतःच हात घातला असेल तर त्याचं नाव यादीतून कायमचं कमी. बोला, कुणी खोललं?

मी फाइल उघडतच होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाले, मी.

मला खरंच आश्चर्य वाटलं. अठरा दिवस राबले मी, आणि ऐन वेळी श्रेय घ्यायला बाबा पुढे! मी तोंड उघडलं होतं. पण मुलीने बापाला चारचौघांत खोटं पाडायचं का? संस्कार आडवे आले. फाइल मी पाठीमागे धरली, उन्हाने शाई फिकी पडते. साहेबांनी मला विचारलं, तुम्ही कोण? बाबाच म्हणाले, मुलगी माझी, ग्रॅज्युएट आहे. तिचा यात काही संबंध नाही, सोबत आली नुसती.

साहेबांनी मला पुन्हा विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय?

घसा कोरडा पडला होता. पटांगणात पाण्याची सोय नाही, ही सेंटरची मोठी त्रुटी आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सायलेन्सरने गाडी ओढून नेली आणि संध्याकाळी आणून लावली. मास्टर सिलिंडरची रबरं बदलली. जुनी त्याने माझ्या हातात ठेवली, कडा झिजून कातरल्यासारख्या झालेल्या. पेडल आता दगडासारखं आहे. बाबा घरात होते, म्हणून तो मला एकटीलाच म्हणाला, कॅलिपर उलटे होते. उजवा डावीकडे. तोट्या खाली गेलेल्या. हवा कशी निघणार?

मी त्याला विचारलं, बाबांना सांगणार का? म्हणाला, त्यांना माहीत आहे.

हे त्याचं अनुमान आहे. पुरावा नाही.

१ मार्च, शनिवार

सेंटरचं पत्र आलं. बाबांचं नाव कमी झालं. त्यांचा मार्ग बदली ड्रायव्हरला मिळाला. त्याची स्वतःची गाडी जुनी झाली होती, म्हणून त्याने आमची विचारली. काम नाही तर दारात गाडी ठेवून काय करायचं, म्हणत बाबांनी देऊन टाकली. त्याला बाबांनी अर्धा तास शेजारी बसवून ब्रेक हळू कसा दाबायचा ते शिकवलं. बाई बसतात मागे, म्हणाले, त्यांना त्रास होतो.

आत्या आज काहीच बोलली नाही. मी दोनदा तिच्या खिडकीखालून गेले.

पत्रं दोन होती. दुसरं माझ्या नावाचं. सेंटरच्याच वाहतूक विभागात नोंदी ठेवायला पदवीधर हवाय, कॉम्प्युटर येत असल्यास भेटावं. त्या दिवशी पटांगणात साहेबांच्या लक्षात राहिलं होतं. बाबांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, बघ, म्हणून नाव कागदावर यायला नको होतं. मग आईला हाक मारून सांगितलं, पोरगी नोकरीला लागली.

बाबांचं बोलणं कधी कधी असं तुटक असतं. संदर्भ लागत नाही.

१७ मार्च, सोमवार. सकाळी

पहिला दिवस. संकल्प: वेळेवर जाणे. नोंदी अचूक ठेवणे. विभागात सुधारणा सुचवणे, पण पहिल्या आठवड्यात नाही. बाबा थांब्यापर्यंत सोडायला आले, चालत.

त्याच दिवशी, संध्याकाळी

टेबल मिळालं, खुर्ची नवीन आहे. टेबलही नवीन. पहिलं काम म्हणून कमी केलेल्या चालकांचा तक्ता टाइप करायला दिला. यंदा एकच नाव. क्रमांक, नाव, सेवेची वर्षं, कारण. कारणाचा मजकूर साहेबांनी हाताने लिहून दिला होता: चालकाने अर्धवट माहितीच्या जोरावर स्वतः ब्रेक खोलले.

टाइप केलं. साहेबांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, यात काही बदल करायचा आहे का?

खोलीत माठ होता, ग्लास होता. घसा कोरडा नव्हता.

मी म्हटलं, नाही. तक्त्याच्या तळाशी ‘नोंद तपासली, बरोबर आहे’ असं छापलेलं असतं, तिथे माझी सही लागते. केली.